डिकीमामांचा हात

जुन्या स्पोर्ट्स गाड्या पाळणारी माणसं ही एक वेगळीच जमात आहे. पाळणारी असंच म्हणायला हवं, कारण वापरणं त्यांच्या नशिबात फारसं नसतं. घरातला नळ महिनोन्महिने ठिबकत राहिला तरी यांना ऐकू येत नाही, पण गाडीच्या एखाद्या स्क्रूवर गंजाचा ठिपका दिसला की घास घशाखाली उतरत नाही. या जमातीत डिकीमामांना ओळखत नाही असा कोणी नव्हता. जुनी गाडी म्हटली की तिची डिकी आज ना उद्या अडकणारच, आणि ती अडकली की मालकाकडे बघवत नाही. इंजिन बंद पडलं तर माणूस चिडतो, शिव्या घालतो, मोकळा होतो. डिकी अडकली की तो नुसता केविलवाणा होतो. गाडी आपली, सामान आपलं, आणि आपल्यालाच आत मज्जाव! मग कोणीतरी त्याला मामांचा नंबर देतं.

मामा काही मेकॅनिक नव्हते. इंजिनातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे ते स्वतःच सांगत. त्यांचा मूळ धंदा गाड्यांची सीटं शिवण्याचा. टायरवाला आणि काचवाला यांच्यामधे एक चिंचोळं दुकान, आत एक दणकट शिलाई मशीन, फोमचे ठोकळे, रेक्झिनची भेंडोळी आणि चिकटवायच्या गमचा असा वास की गिऱ्हाईक दारातूनच बोलायचं. डिक्यांमधे त्यांचा शिरकाव झाला तो चष्मेवाल्यांमुळे.

चष्मेवाल्यांचं दुकान कोपऱ्यावर होतं आणि त्यांच्याकडे दोन सीटांची, हिरव्या रंगाची एक बुटकी स्पोर्ट्स गाडी होती. ती त्यांनी नवी सीटं करायला आणली. मामांनी ड्रायव्हरचं सीट काढून बाहेर ठेवलं आणि पाहतात तर मागच्या पत्र्याच्या भिंतीला एक भोक. भोकातून एक तार आत गेलेली.

"ही तार कसली?" मामांनी विचारलं.

"डिकीची. ते सोडा हो, ती कित्येक वर्षांत उघडलेलीच नाही," चष्मेवाले म्हणाले.

आता असं वाक्य मामांच्या समोर बोलू नये. लहानपणी आई म्हणायची की या पोराला बंद वस्तू दिसली की अंगाला खाज सुटते. डबा बंद असला तर तो उघडून बघणार, कपाट बंद असलं तर फटीला डोळा लावणार, शेजाऱ्यांचं दार बंद असलं तर ते का बंद आहे हे जेवताना विचारणार. आणि इथे तर बंद डिकी, शेजारी भोक, आणि मालक म्हणतो सोडा! मामा सीटाच्या जागी उताणे झोपले. पाय गाडीच्या दाराबाहेर, डोकं डिकीकडे. डावा हात डोक्यावरून मागे नेऊन त्यांनी त्या भोकात घातला. काय शोधतोय हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. या गाडीचं झाकण जरा उलट्या खोपडीचं होतं, बिजागऱ्या शेपटीकडे आणि खटका सीटाच्या पाठीशी. हाताला काहीतरी लागलं, ते त्यांनी ढकललं, आणि खट्ट आवाज होऊन झाकण बोटभर वर आलं.

चष्मेवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं. आत त्यांच्या बायकोची एक चप्पल होती. दुसरी तिने वाट बघून बघून टाकून दिली होती.

"तार तुटली होती, तात्पुरती जोडलीय, पण पुन्हा तुटणार," मामा निघताना म्हणाले. "नवी आणा आणि जपून ठेवा."

तिथून नाव झालं. हळूहळू सीटांपेक्षा डिक्यांचीच कामं जास्त येऊ लागली, आणि पुढे नव्या गाड्यांना तयार कव्हरं मिळायला लागल्यावर मामांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. गिऱ्हाइकांनी त्यांना मामा केलं तशी त्यांची बायको आपोआप मामी झाली. तिला हे नातं मुळीच पसंत नव्हतं. "ओळख ना देख, दाढीमिशा आलेले लोक मला मामी म्हणतात," असं ती कुरकुरायची. तिचं स्वतःचं काम होतं. घराच्या पुढच्या खोलीत बसून ती लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची, आणि गाड्यांमधे तिला काडीचाही रस नव्हता. मामा संध्याकाळी घरी येऊन डिकीच्या गोष्टी सांगत, त्या ती टाचण्या तोंडात धरून ऐकत असे. त्यामुळे तिला हूं एवढंच म्हणता यायचं.

गोष्टी मात्र ऐकण्यासारख्या असत. मामांचा एक नियम होता. डिकीला हात लावण्याआधी ते मालकाला विचारत, "आत काय आहे, सांगा." उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. मालक आठवून आठवून सांगायचा, जॅक असेल, एखादी सतरंजी असेल, तेलाचा डबा. आणि झाकण उघडलं की निघायचं भलतंच. एकाच्या डिकीत मखमलीच्या पेटीत ठेवलेलं ट्रम्पेट निघालं. आपण जन्मात कधी ट्रम्पेट वाजवलेलं नाही असं तो शपथेवर सांगत होता आणि त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. एकीच्या डिकीत मधाची बाटली होती, मध दगडासारखा झालेला. आणखी एक जण छातीठोकपणे म्हणाला, "काही नाही, रिकामी आहे." आत घडीची खुर्ची होती. त्याचे वडील तळ्याकाठी गळ टाकून बसायचे तीच. त्याने ती तिथेच रस्त्यावर उघडली, तिच्यावर बसला आणि उठेचना. मामांनीही घाई केली नाही, तेही शेजारी फुटपाथवर टेकले. लोकांना आपल्याच डिकीत काय आहे ते आठवू नये, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

आणि काम कसं? तर सगळं जग झाकण वर ओढतं, मामा आधी ते खाली दाबत. जितकं ओढाल तितका खटका दात रोवतो, दाबलं की त्याचा जीव सैल होतो, असं त्यांचं म्हणणं. रबर उन्हाने चिकटलं असेल तर कडेने गरम पाण्याचा फडका. कुलूप जाम असेल तर तेल आणि एक दिवस धीर. कित्येकदा तर काहीच झालेलं नसे, मालक वर्षानुवर्षं भलताच दांडा ओढत असे. तेव्हा मामा चार लोकांसमोर तसं बोलत नसत, उगाच तेलाचे दोन थेंब सोडत. पण तार खटक्याच्या तोंडाशीच तुटली असेल, तर मग एकच इलाज. कुठलं तरी भोक शोधायचं आणि हात आत घालायचा. तिथे मामांची बरोबरी कोणी करू शकत नव्हतं. लांब, बारीक बोटांचा, मनगटाशी नावाला जाड असा तो हात होता. त्याला साबणाचा फेस लावला की तो जिथे उंदीर विचार करेल तिथेही जायचा. पत्रेवाला म्हणायचा, "मामा, तुम्ही चोर झाला असता तर आम्हा सगळ्यांचं वाटोळं झालं असतं."

हा पत्रेवाला म्हणजे मामांचा दोस्त आणि दुश्मन दोन्ही. गाडीच्या पत्र्याचं ठोकाठोकीचं काम करायचा. मामांना जमलं नाही तर झाकण कापायला त्याला बोलवायचं, असं मालक लोकांचं ठरलेलं असे. इतक्या वर्षांत त्याला एकही झाकण कापायला मिळालं नव्हतं. त्याची त्याला खंत होती की अभिमान, हे त्यालाच ठाऊक.

मग मामांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले.

आधी सकाळी तासभर बोटं आखडायची, नंतर दिवसभर. पेरं फुगून टणक झाली. एक दिवस साखरेच्या बरणीचं झाकण त्यांना फिरवता येईना, तेव्हा त्यांनी बरणी मुकाट्याने मामीसमोर ठेवली. तिने ती उघडून दिली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "हाताला तेल लागलंय," मामा म्हणाले. तिने पाहिलं होतं की तेल लागलेलं नाही. मामांनी कोणालाच ताकास तूर लागू दिली नाही. दाबून, तेल सोडून होणारी कामं ते घेत. तार तुटलेली आहे असं फोनवर कळलं की त्यांना नेमकं कुठेतरी जायचं असे, किंवा त्या जातीची गाडी आपल्याला जमत नाही असं ते सांगत. सांगून झालं की मात्र ते खिडकीशी जाऊन बराच वेळ उभे राहत. सीटं गेली होती, मशीन गेलं होतं. डिक्याही गेल्या तर आपण उरतो कोण, ही भीती त्यांना खात होती. ती भीती त्यांनी पोटात ठेवली, आणि पोटात ठेवलेली भीती काही बारीक होत नाही.

अशात चष्मेवाल्यांचा फोन आला. त्यांची बायको मागेच गेली होती. आता दुकान बंद करून ते मुलीकडे राहायला निघाले होते, दुसऱ्या गावी. हिरव्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि ते संध्याकाळी गाडी न्यायला येणार होतं. फक्त डिकी पुन्हा अडकली होती. गिऱ्हाईक म्हणालं होतं, उघडून दिलीत तर ठीक, नाहीतर मी झाकण कापून घेईन.

"कापू देऊ नका हो, मामा," चष्मेवाले म्हणाले. "तसलं झाकण आता कुठेच मिळत नाही. ती त्यावर टेकून उभी राहायची."

ती म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. इथे मामांना कुठलीही सबब सापडेना. ज्या गाडीने आपल्याला मामा केलं तिला कुठल्या तोंडाने सांगणार, की त्या जातीची गाडी मला जमत नाही?

चष्मेवाल्यांचा निरोप घ्यायचा म्हणून मामीही बरोबर निघाली. त्यांची बायको तिची जुनी मैत्रीण. मामांनी तिला टाळायचा प्रयत्न करून पाहिला. "तुझं काम पडलंय ना," वगैरे. ती म्हणाली, "माझं काम कुठे पळून जात नाही."

चष्मेवाल्यांच्या घरामागे गॅरेज होतं. उंचावरच्या खिडकीतून उजेड यायचा आणि गाडीच्या एका बाजूला भिंतीपर्यंत जेमतेम माणूस मावेल एवढी जागा. घरातल्या सामानाची खोकी दाराशी रचलेली. पत्रेवाला आधीच येऊन बसला होता, पालथ्या बादलीवर, पायाशी ग्राइंडर आणि गुंडाळलेली वायर घेऊन.

"मला उगाच बोलावलंय, माहितीये मला," तो म्हणाला. "पण चहा मिळतो."

मामांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, आत काय आहे, सांगा."

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. "छत्री. एक ब्लँकेट. आणि... नाही, बस एवढंच."

मामांनी झाकण दाबून पाहिलं, आतला दांडा ओढून पाहिला. दांडा सैल हलला, पलीकडून कसलाच प्रतिसाद नाही. तार खटक्याशीच तुटलेली. त्यांनी सीट काढलं, हाताला साबण लावला आणि सीटाच्या जागी उताणे झोपले. पाय दाराबाहेर, डोकं डिकीकडे. हात मागे गेला, बोटं भोकात शिरली, आणि पेरांशी येऊन अडकली.

त्यांनी हात वळवून पाहिला, अंगठा आत दुमडून पाहिला. आणखी साबण मागितला. पत्रेवाल्याने थट्टा केली, "मामा, अंघोळच उरकता का?" मामा हसले नाहीत. तेव्हा पत्रेवालाही हसायचा थांबला. भोकाची कड सुजलेल्या सांध्यांवर घासत होती आणि मामांचे दात एकमेकांवर आवळले गेले होते. "जरा वेळ लागेल," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मामी दाराबाहेर आलेले त्यांचे पाय बघत होती. तिला नवऱ्याच्या पायांवरून कळलं. दोन्ही पायांची बोटं चपलांत गच्च वळलेली होती, एखादं पोर इंजेक्शन घेताना वळवतं तशी.

"काका, तुम्ही दोघं जरा आत जाऊन चहा टाका," ती म्हणाली. "माझ्यात साखर कमी."

दोघं गेले. तिने गाडीत डोकं घातलं.

"हात बाहेर काढा."

मामांनी काढला. पेरं लालभडक झाली होती, एका ठिकाणी कातडी सोलवटली होती.

"कधीपासून?"

"अगं, हे आत्ताच घासलं..."

"कधीपासून, विचारतेय मी."

मामांनी वर छताकडे पाहत सांगून टाकलं. बरणीच्याही आधीपासून. सांगताना त्यांचा आवाज चिरकला आणि त्याची त्यांना लाज वाटली. मामीला भयंकर राग आला. राग दुखण्याचा नव्हता. शेजारी झोपणाऱ्या माणसाने एवढं दुखणं आपल्यापासून लपवलं, याचा होता.

"उठा," ती म्हणाली. "माझा हात जातो का बघू."

"तुझा?"

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

तिने बांधा बघावा तसा त्या भोकाचा अंदाज घेतला, बाही वर सारली आणि गाडीत गुडघ्यांवर बसली, तोंड डिकीकडे करून. उताणं बिताणं झोपायला तिने साफ नकार दिला. तिचा हात लहान होता. साबणही न लावता तो कोपरापर्यंत आत गेला.

"गेला. आता?"

मामा दाराशी वाकून उभे होते. "आता... आता वर जा. मग जरा पुढे."

"जरा म्हणजे किती?"

"ते हाताला कळतं."

"तुमच्या हाताला कळत असेल. माझ्या हाताला सांगा."

आणि मामांच्या लक्षात आलं की त्यांना सांगता येत नाही. इतकी वर्षं हा हात आत जाऊन काय करत होता, हे त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं! जगातल्या प्रत्येक बंद गोष्टीची चौकशी करणारा हा माणूस, पण आपल्याच हाताची चौकशी त्याने केलेली नव्हती. काहीतरी लागायचं, ते ढकलायचं, आणि खट्ट. त्या काहीतरीला नाव नव्हतं.

"उजवीकडे जा," ते आठवून म्हणाले. "पेट्रोलचा पाइप लागेल, गार. त्याच्या पलीकडे एक स्प्रिंग. स्प्रिंगच्या खाली जीभ आहे, ती ढकलायची."

मामी उजवीकडे गेली. तिला रबर लागलं, ते स्पेअर टायर होतं. आणखी उजवीकडे. कापडाचं अस्तर, मग नुसता पत्रा. पाइप नाही, स्प्रिंग नाही.

"नीट शोध, अगं. उजवीकडेच."

"उजवीकडेच आहे मी. आता खांदा निखळायचा राहिलाय."

वर जा, खाली ये, पुन्हा उजवीकडे. तिचा श्वास फुलला. मामांचा धीर सुटला. त्यांना वाटलं, आपण विसरलो. हात तर गेलाच होता, आता डोक्यातलंही गेलं. आतून कपबशा आणत असल्याचा आवाज आला.

"राहू दे," ते म्हणाले. "बाहेर ये. त्याला कापू दे."

मामीने हात बाहेर काढला, पण ती उतरली नाही. तिने हाताकडे पाहिलं, मग मामांकडे.

"तुम्ही खाली झोपा."

"काय?"

"इथे जमिनीवर, गाडीच्या बाजूला. मघाशी आत झोपला होतात तसे. डोळे मिटा आणि डिकी उघडा."

"अगं, हवेत काय उघडू?"

"हवेतच उघडा. मला बघायचंय."

मामा गाडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उताणे झोपले, डोकं डिकीच्या बाजूला करून. आपण वेडे ठरणार याची त्यांना खात्री होती. त्यांनी डोळे मिटले आणि हात डोक्यावरून मागे नेला. आणि गंमत म्हणजे हाताला सगळं पाठ होतं. तो वर गेला, मनगटात वळला, तळवा बाहेर झाला, मग चार बोटं बाजूला सरकून एका नसलेल्या पाइपला वळसा घालून गेली. मामी वाकून टक लावून बघत होती. कोट उसवण्याआधी शिलाई कुठून आली ते ती असंच बघायची.

"थांबा," ती म्हणाली. "हात तिथेच ठेवा. डोळे उघडा. कुठे चाललाय तुमचा हात?"

"उजवीकडे."

"भिंतीकडे चाललाय. मी इतका वेळ भिंतीपासून लांब लांब जातेय!" तिने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही उताणे, मी पालथी. तुमचं उजवं ते माझं डावं!"

मामा तसेच पडून राहिले, हात हवेत. मग त्यांना हसू फुटलं. इतकं, की भिंतीला डोकं आपटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी डिकी कोणाला सांगून उघडून घेतली नव्हती, त्यामुळे उजवं-डावं हे झोपणाऱ्यावर अवलंबून असतं हे त्यांना कळायचं काही कारणच आलं नव्हतं.

पुढचं सोपं होतं. मामीचा हात डावीकडे गेला आणि ती म्हणाली, "गार." मग, "स्प्रिंग." मग, "तळवा उलटा करते, बाही उलटी करताना करतो तसा. हां. जीभ आहे. घट्ट आहे हो."

"थांब, मी वरून दाबतो. मी दाबलं की तू ढकल."

मामांनी दोन्ही तळवे झाकणावर टेकवले आणि अंगाचा भार टाकला. आतून तिने ढकललं. खट्ट. हाताने ढकललेल्या जिभेचा हा आवाज मामांनी आजवर आतूनच ऐकला होता. बाहेर उभं राहून पहिल्यांदा ऐकला, आणि तो त्यांना फार आवडला.

चष्मेवाले ट्रे घेऊन दारात उभे होते. पत्रेवाला त्यांच्या मागे. आत छत्री नव्हती, ब्लँकेटही नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीत व्यवस्थित गुंडाळलेली एकच वस्तू होती. चष्मेवाल्यांनी ती सोडून पाहिली. डिकीची नवी कोरी तार.

"तुम्हीच म्हणाला होतात," ते म्हणाले, "आणा आणि जपून ठेवा. मी जपून ठेवली."

पत्रेवाल्याने ट्रे त्यांच्या हातातून काढून घेतला, कारण चष्मेवाले हसत होते आणि कपबशा वाजत होत्या. हसता हसता त्यांनी झाकणावरून एकदा हात फिरवला, आणि मग चष्मा पुसायला ते तोंड फिरवून उभे राहिले. पत्रेवाल्याने आपल्या ग्राइंडरची न सोडलेली वायर पुन्हा एकदा उगाच गुंडाळली. "कोणाच्या हाताने उघडली ते मी बघितलंय," तो मामांना म्हणाला. "पण मी कोणाला सांगणार नाही."

"सांग की," मामी म्हणाली. "सगळ्यांना सांग."

दोघं घरी निघाली.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

"आणि न सांगता खोटं झालं का?"

थोडं पुढे गेल्यावर ते चाचरत म्हणाले, "तुला जमतं गं. म्हणजे एखादं काम आलंच, तर..."

"मुळीच नाही. लोकांच्या गाड्यांत गुडघे टेकत फिरायला मी मोकळी नाही. मला माझं काम आहे." आणि मग जरा थांबून, "उद्या डॉक्टरकडे जायचंय. दोघांनी."

डॉक्टरने गोळ्या दिल्या, गरम पाण्यात हात बुडवायला सांगितले. दुखणं कमी झालं, पण पेरं काही बारीक झाली नाहीत, होणारही नव्हती. मामांनी ते ऐकून घेतलं. फोन यायचे, ते नाही म्हणायचे. फक्त आता सबब न सांगता, हात जात नाही म्हणून सांगायचे. लोक हळहळायचे आणि फोन ठेवायचे. ते दिवस मामांना फार वाईट गेले. घरात ते उगाच या खोलीतून त्या खोलीत जायचे, आणि मामी मशीनवरून मान वर न करता त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत राहायची.

एका सकाळी असाच फोन आला. लांबच्या गावाहून कोणी एक तरुण बोलत होता. चष्मेवाल्यांच्या गाडीसारखीच जुनी दोन सीटांची गाडी, तार तुटलेली, सीटामागे भोक आहे पण त्याचा पंजा जात नाही. मामांनी "माझाही जात नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि थांबले. त्यांनी मामीकडे पाहिलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने मान हलवली, बोला की, अशी.

"तुमच्या घरात सगळ्यात बारीक हात कोणाचा आहे?" मामांनी विचारलं.

"आईचा असेल. का?"

"त्यांना गाडीत बसवा. गुडघ्यांवर, तोंड डिकीकडे. आणि फोन जवळ ठेवा. पण त्याआधी त्यांना विचारा, आत काय आहे."

फोनचा स्पीकर चालू करून मामांनी तो स्टुलावर ठेवला. मग ते स्वतः भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले, म्हणजे तिकडच्या बाईंचं उजवं ते आपलं उजवं व्हावं. डोळे मिटले. सुजलेला हात त्यांनी समोर हवेत घातला.

"ताई, हात आत गेला? आता सावकाश वर या. घाई नाही. काय लागतंय, ते मला सांगा."

"खरखरीत आहे काहीतरी," दुरून एक घाबरलेला आवाज आला.

"ते अस्तर. बरोबर चाललंय. आता डावीकडे, बोटं पुढे करून. गार लागलं की सांगा."

मामांचा हात हवेत सरकत होता. पाइपाला वळसा, मनगट फिरलं, तळवा उलटा झाला. मशीन थांबलं होतं. मामीने टाचण्या तोंडातून काढून हातात धरल्या होत्या.

"स्प्रिंग आहे," आवाज म्हणाला.

"तिच्या खाली जीभ. मुलाला सांगा, वरून झाकण दाब. त्याने दाबलं की तुम्ही ढकला. ढकला, ताई."

फोनमधून एक बारीकसा आवाज आला. मग एकदम दोघांचा आरडाओरडा, एकमेकांना दिलेल्या हाका, आणि फोन कुठेतरी खाली पडल्याचा धप्प. त्यांना मामांची आठवणही राहिली नव्हती. मामा भिंतीसमोर तसेच गुडघ्यांवर बसून होते, डोळे मिटलेले, बोटं अजून काहीतरी रेटून धरलेली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नव्हता.

मामी उठली, त्यांच्याजवळ आली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"उघडली हो," ती म्हणाली. "आता हात खाली घ्या."